पानापासून पुडीपर्यंत : सुट्या चहाची ओळख

सुटा चहा म्हणजे पिशवीत न बांधलेली, वजनावर घेता येणारी, डोळ्यांनी पाहून आणि नाकाने हुंगून पारखता येणारी चहाची पत्ती. महाराष्ट्रात तिचे तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार किराणा दुकानातल्या डब्यातून किंवा पोत्यातून तोलून दिलेल्या दाणेदार पत्तीचा. दुसरा चहा डेपोतल्या मिश्रणांचा; तिथे दोन-तीन प्रांतांचा माल ठरलेल्या प्रमाणात एकत्र करून ‘फॅमिली मिक्स्चर’, ‘हॉटेल मिक्स्चर’ अशा नावांनी विकतात. तिसरा प्रकार मळ्याच्या आणि हंगामाच्या नावाने मिळणाऱ्या अखंड पानांच्या पत्तीचा. तो अलीकडेपर्यंत मोठ्या शहरांतल्या मोजक्या दुकानांपुरता होता. आता टपालाने आणि कुरिअरने खेड्यापर्यंत पोचतो. या तिन्हींची एकत्र ओळख करून देणे आणि खरेदीची दृष्टी देणे हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

हा विषय फक्त शहरी हौसेचा नाही, हे जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थसारख्या गावाकडे पाहिले की लक्षात येते. घनसावंगी तालुक्यातले हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान. रामनवमीला येथे उत्सव भरतो आणि पहाटेपासून आधणे चढतात. एरवीही दिवस उजाडतो तो चहाने; पाहुण्याला पाण्यापाठोपाठ चहा दिला जातो; शेतावरच्या गड्याचा आणि सालदाराचा चहा दिवसाच्या हिशेबात धरलेला असतो. घरातले दूध संपले की कोरा चहा होतो, साखरेऐवजी गूळ पडतो, परसातला गवती चहा आणि आले त्यात येतात. जिल्ह्याचे ठिकाण असलेले जालना शहर बियाणे आणि लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. ‘विक्रम’ हा मराठवाड्यात घरोघरी पोचलेला चहाही याच शहरातला. ज्या मुलखात चहाचे एक झाडही पिकत नाही, तिथे चहा मिसळून पुड्यांत भरण्याचा मोठा धंदा उभा राहिला. आसामच्या मळ्यापासून मराठवाड्याच्या चुलीपर्यंतच्या या प्रवासात मालाची निवड किती हातांतून होते, हे त्यावरून समजते.

समर्थांचा जन्म १६०८चा. त्या काळी मराठी मुलखातल्या सामान्य घराला चहा माहीत नव्हता. पश्चिम किनाऱ्यावरच्या सुरत बंदरात मात्र तो पोचला होता. जर्मन प्रवासी मांडेल्स्लो १६३८च्या सुमारास सुरतेला होता. तिथे चहा प्यायला जात असल्याची नोंद त्याने केली आहे. १६८९मध्ये आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने तिथले वाणी लोक चहात मसाले घालून तो औषध म्हणून घेतात असे लिहिले. पत्ती अर्थात चीनहून येत होती. चीनमध्ये चहाची परंपरा तोवर फार जुनी झाली होती. आठव्या शतकात लू यू याने चहावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हा चहा दाबून वड्या करून साठवत. सोंग काळात पूड पाण्यात घुसळून पिण्याची पद्धत रूढ झाली; जपानचा माचा याच पद्धतीचा वारस. १३९१मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने दरबारी खंडणीत वड्यांऐवजी सुटी पत्ती घ्यावी असा हुकूम काढला. पुढे सुट्या पानांवर गरम पाणी ओतून चहा करण्याची रीत सर्वमान्य झाली आणि युरोपीय व्यापाऱ्यांनी तीच उचलली.

हिंदुस्थानातल्या चहाचा इतिहास आसामात सुरू होतो. १८२३मध्ये रॉबर्ट ब्रूस याला सिंगफो लोकांच्या मुलखात रानटी चहाची झाडे आढळली. सिंगफो मंडळी ती पाने आधीपासूनच वापरत होती. १८३८मध्ये आसामचा पहिला माल लंडनला रवाना झाला, १८३९मध्ये आसाम कंपनी स्थापन झाली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत दार्जिलिंग, कांगडा आणि निलगिरी येथे मळे उभे राहिले. २७ डिसेंबर १८६१ रोजी कलकत्त्यात चहाचा पहिला जाहीर लिलाव झाला. हे उत्पादन मुख्यतः परदेशासाठी होते. मळ्यांवर घाम गाळणाऱ्या, दूरदूरहून करारावर आणलेल्या मजुरांच्या हालअपेष्टा हा या इतिहासाचा भाग आहे आणि त्याला वगळून चहाची कथा सांगणे खोटे ठरेल.

मराठी समाजात चहा आला तो वादासह. ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे देण्यात आली. उपस्थितांत लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे होते. गोपाळराव जोशी यांनी नावे वृत्तपत्रातून जाहीर करवली, ग्रामण्य उभे राहिले आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न दीर्घकाळ गाजला. आक्षेप ख्रिस्ती मंडळींच्या हातच्या पेयपानावर होता. परंतु त्यावरून त्या काळी चहाचा पेला किती परका वाटत असे याची कल्पना येते. १९०३मध्ये चहावर उपकर बसवण्याचा कायदा झाला आणि त्या पैशातून देशात चहाचा प्रचार सुरू झाला. १९३०च्या दशकात निर्यातीचे भाव कोसळल्यावर प्रचाराला जोर आला: रेल्वे स्थानकांवर देशी भाषांतल्या पाट्या, जत्रांत आणि गिरणी भागांत प्रात्यक्षिके, फुकट कप. एका पिढीपूर्वी जो चहा बाटवणारा वाटत होता, तो दोन पिढ्यांत पाहुणचाराचा आधार झाला.

त्या प्रसाराला यंत्राची साथ मिळाली. १९३०च्या सुमारास आसामातल्या अमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर यांनी पाने चिरडून, फाडून, गोळी करणारे यंत्र बसवले. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून या चहाला सीटीसी म्हणतात. दातेरी रुळांच्या जोड्या वेगवेगळ्या वेगाने फिरतात, पान त्यांतून गेले की त्याचा लगदा होऊन बारीक दाणे बनतात. हा दाणा दुधात झटकन रंग सोडतो आणि थोड्या पत्तीत अधिक कप निघतात. स्वातंत्र्यानंतर देशातली मागणी वाढत गेली, तसतसे कारखाने सीटीसीकडे वळले. आज देशात तयार होणारा बहुतांश चहा सीटीसी आहे आणि त्यातला बहुतांश देशातच खपतो. मुंबईची हसमुखराय आणि कंपनी १९३३पासून या धंद्यात आहे. ‘सोसायटी’ चहा तिचाच. गुजराती आणि मारवाडी व्यापाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या बाजारपेठांत डेपो उघडले, स्थानिक पाण्याला आणि दुधाला मानवेल अशी मिश्रणे बसवली. पुण्याचे अमृततुल्य, मुंबईची इराणी हॉटेले आणि मोंढ्यातल्या टपऱ्या यांची चव या मिश्रणांवर उभी आहे.

सगळा खरा चहा एकाच वनस्पतीचा: कॅमेलिया सायनेन्सिस. तिचे दोन मुख्य वाण आहेत. चिनी वाणाचे पान लहान आणि काटक, थंडी सोसणारे; दार्जिलिंग आणि कांगड्यात त्याचे प्रमाण मोठे. आसामी वाणाचे पान मोठे, सखल आणि दमट हवेत फोफावणारे, कडक चहा देणारे. गवती चहा, तुळशीचा काढा किंवा जास्वंदीच्या फुलांचा अर्क ही सुगंधी पेये आहेत. त्यांत चहाचे पान नसते. खुडताना वरचा कोंब आणि खालची दोन पाने घेतात. सुमारे चार ते पाच किलो ओल्या पानांपासून एक किलो पत्ती बनते.

पत्तीचे सहा मोठे प्रकार मानले जातात आणि ते मुख्यतः खुडल्यानंतर पानावर काय प्रक्रिया होते यावरून ठरतात. हिरव्या चहात पान लगेच वाफेवर किंवा कढईत तापवतात, त्यामुळे ते काळे पडत नाही. काळ्या चहात पान बारा ते अठरा तास सुकवून, वळून किंवा चिरडून हवेत ठेवतात. पानातली द्रव्ये प्राणवायूशी संयोग पावून तांबूस रंग आणि जोर येतो. ऊलाँग या दोहोंच्या मधला. पांढरा चहा कोवळ्या कोंबांचा, नुसता सुकवलेला. पिवळा चहा हिरव्याला मंद उबेत दडपून केलेला. पु-अर आणि तत्सम चहा साठवणुकीत सूक्ष्म जीवांच्या क्रियेने मुरतो. महाराष्ट्रातल्या दुकानांत काळा आणि हिरवा सहज मिळतो. बाकीचे मागवावे लागतात.

काळ्या चहात दोन घराणी आहेत: ऑर्थोडॉक्स आणि सीटीसी. ऑर्थोडॉक्स पद्धतीत पान वळले जाते, फाडले जात नाही; म्हणून लांबट, पिळदार पत्ती मिळते आणि गंध टिकतो. सीटीसीत रंग आणि जोर मिळतो, गंधाची नाजूकता जाते. म्हशीच्या दाट दुधात, साखर आणि आले घालून उकळायचा चहा असेल तर सीटीसीच योग्य. त्यात महागडे दार्जिलिंग घालणे म्हणजे पैसे उकळत्या पातेल्यात सोडणे. बिनदुधाचा चहा हवा असेल तर ऑर्थोडॉक्सला तोड नाही. मराठवाड्यातल्या घरांना कोऱ्या चहाची सवय आहे, ही या बाबतीत जमेची बाजू. ज्याला कोरा चहा आवडतो, त्याने फक्त पत्ती बदलायची आहे आणि उकळण्याऐवजी झाकून मुरवायला शिकायचे आहे.

प्रांतांचे स्वभाव वेगळे आहेत. आसाम कडक, दाट, धान्य भाजल्यासारख्या वासाचा. दुआर्स आणि तराई मऊ, रंगदार आणि मिश्रणाला उपयोगी. दार्जिलिंग हलका, फुलांच्या व फळांच्या गंधाचा. २००४मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळालेल्या भारतातल्या पहिल्या वस्तूंत त्याचे नाव आहे आणि ८७ मळ्यांच्या मालालाच ते नाव लावता येते. निलगिरी सुगंधी, उजळ, वर्षभर खुडला जाणारा. कांगडा सौम्य, त्यालाही स्वतंत्र भौगोलिक मान्यता आहे. हंगामही तितकाच महत्त्वाचा. उत्तरेकडचे मळे साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी विश्रांतीत असतात. पहिला बहर वसंतात, दुसरा मे-जूनमध्ये, मग पावसाळी आणि शरदातला. आसामात दुसऱ्या बहराचा माल सर्वांत भरदार. लिलाव आणि वाहतूक होऊन तो दुकानात येतो तेव्हा आषाढ-श्रावण उजाडलेला असतो. म्हणून ताजी पत्ती घ्यायची तर त्यानंतर चौकशी करणे फायद्याचे.

प्रतीच्या खुणांबाबत मोठा गैरसमज आहे. बीओपी, बीपी, पीएफ, पीडी ही अक्षरे दाण्याचा आकार सांगतात, चव सांगत नाहीत. बीओपी मोठा दाणा, पीएफ बारीक, पीडी आणि इतर डस्ट भुकटी. बारीक दाणा लवकर रंग सोडतो, म्हणून हॉटेलवाले डस्ट घेतात; मोठा दाणा सावकाश सुटतो, पण चव स्वच्छ राहते. चांगल्या मळ्याची डस्ट हलक्या मळ्याच्या मोठ्या दाण्यापेक्षा सरस असू शकते. ऑर्थोडॉक्समध्ये टीजीएफओपी अशा लांब नावांचे डबे दिसतात. त्यांत सोनेरी कोंबांचे प्रमाण किती, एवढेच ते नाव सुचवते.

खरेदीच्या वेळी काय पाहावे, हे पोत्यासमोर उभे राहूनच कळते. चिमूटभर पत्ती पांढऱ्या कागदावर पसरावी. सीटीसीचा दाणा गोलसर, टणक, तपकिरी-काळा आणि एकसारखा असावा. तांबूस केसांसारखे धागे, काड्या किंवा राखाडी छटा दिसली तर माल जुना, हाताळलेला किंवा हलका. पत्ती बोटांत चोळून वास घ्यावा: ताज्या चहाला उबदार, गोडसर वास येतो, बुरशी, धूर, साबण किंवा हिंगाचा वास आला तर नाकारावी. चहा आजूबाजूचे वास ओढून घेतो आणि किराणा दुकानात हिंग, अगरबत्ती आणि कपड्यांचे साबण शेजारीच असतात. घरी आणल्यावर एका पांढऱ्या पेल्यात दोन ग्रॅम पत्तीवर शंभर मिलिलिटर उकळते पाणी ओतून पाच-सहा मिनिटे झाकून ठेवावे. पाणी उजळ तांबडे आणि चोथा तांब्याच्या रंगाचा असेल तर चहा नीट बनलेला. मग थोडे दूध घालावे: सोनेरी-लालसर रंग आला तर चांगला, करडा आणि मळकट आला तर सुमार. लिलावापूर्वी चहाची पारख करणारे तज्ज्ञही थोड्याफार फरकाने हेच करतात.

भेसळीची शंका आली तर साध्या दोन चाचण्या उपयोगी पडतात. गाळण कागदावर पत्ती पसरून थोडे पाणी शिंपडावे. पत्ती काढून टाकल्यावर कागदावर गडद काळसर-तपकिरी डाग राहिला तर बाहेरून रंग लावल्याचा संशय घ्यावा. दुसरी चाचणी लोहचुंबकाची: पत्तीतून चुंबक फिरवला आणि लोखंडी कीस चिकटून आला तर माल टाकून द्यावा. वापरलेला चोथा सुकवून, रंगवून पुन्हा विकण्याचा धंदा जुना आहे. इंग्लंडमध्ये जॉन हॉर्निमन याने १८२६मध्ये बंद पुड्यांत चहा विकायला सुरुवात केली, ती अशाच भेसळीवर उपाय म्हणून. भारतात अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू आहे आणि चहात कृत्रिम रंग घालण्याला मनाई आहे. बंद पुडीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि तारीख असते. पोत्यातून तोललेल्या पत्तीला ती पुडी नसते. म्हणून तिथे दुकानदाराला विचारणे हाच ग्राहकाचा पुरावा. माल कुठला, कधी आलेला, कोणत्या दाण्याचा, हे तीन प्रश्न विचारले तर चांगला दुकानदार आनंदाने सांगतो आणि टाळणारा आपोआप ओळखू येतो.

मराठवाड्यात पाण्याचा प्रश्न चहाला वेगळा लागू होतो. बेसाल्टाच्या खडकातल्या विहिरी आणि बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी क्षारयुक्त असते. अशा पाण्यात चहावर तेलकट सायीसारखा पापुद्रा येतो, रंग गढूळ होतो, नाजूक गंध दबतो. म्हणून एकाच पुडीचा चहा पुण्यात वेगळा आणि घनसावंगी तालुक्यात वेगळा लागतो. नाजूक पत्ती विकत घेणाऱ्याने गाळलेल्या, कमी क्षारांच्या पाण्यात ती करून पाहावी. बोअरच्या पाण्यालाच चहा करायचा असेल तर जोरकस आसामी दाणा अधिक टिकतो. गुळाचा चहा फुटू नये म्हणून पातेले खाली उतरवून मग दूध घालण्याची घराघरातली रीतही चहाच्या शास्त्रातच मोडते.

किमतीचा हिशेब कपामागे करावा. एका कपाला दोन ग्रॅम धरले तर १०० ग्रॅमच्या पुडीत ५० कप होतात. अखंड पानांची चांगली पत्ती दोनदा मुरवता येते, काही ऊलाँग तीन-चारदा. म्हणून किलोचा भाव मोठा दिसला तरी कपाचा भाव तितका फुगत नाही. सुरुवात नेहमी ५० किंवा १०० ग्रॅमने करावी. एकदम मोठा डबा घेतला तर उघडल्यावर हवा आणि ओल लागून शेवटचे कप फिके होतात. पावसाळ्यात घट्ट झाकणाचा, उजेड न शिरणारा डबा आणि चुलीपासून दूर जागा एवढे पाळले तर काळा चहा वर्षभर चांगला राहतो. हिरव्याने त्याआधी संपलेले बरे.

आज या विषयाची निकड वाढली आहे. देशातल्या निम्म्याच्या आसपास चहा लहान शेतकऱ्यांच्या पानांतून बनतो; त्यांच्या पानाला मिळणारा भाव ग्राहकाला दर्जा ओळखता येतो की नाही यावर बराच अवलंबून आहे. सगळे ग्राहक फक्त रंग आणि स्वस्ताई मागू लागले, तर कारखाना खडबडीत पानही चिरडून टाकतो आणि चांगले खुडणाऱ्याला वेगळे काही मिळत नाही. दार्जिलिंगमध्ये २०१७च्या १०४ दिवसांच्या बंदने दुसऱ्या बहराचा बराचसा हंगाम गेला. त्यानंतर शेजारच्या नेपाळचा चहा दार्जिलिंगच्या नावावर खपण्याची तक्रार तीव्र झाली. दुसऱ्या बाजूला मळ्यांनी थेट ग्राहकांना माल पाठवायला सुरुवात केली आहे. खेड्यातल्या माणसाला आज इतिहासात प्रथमच आसामच्या एखाद्या मळ्याची, तारीख लिहिलेली पत्ती घरी मागवता येते. निवड वाढली, त्याबरोबर फसण्याच्या वाटाही वाढल्या. म्हणून माहिती मराठीत असणे गरजेचे आहे.

प्रस्तुत पुस्तक हीच गरज भागवण्यासाठी आहे. त्यात वनस्पती, कारखाना, लिलाव आणि डेपो यांची क्रमवार ओळख येते, प्रांतांची आणि हंगामांची पारख कशी करावी हे येते, आणि पत्ती निवडणे, चाखणे, साठवणे यांचे प्रत्यक्ष धडे येतात. दुधाचा उकळलेला चहा आणि बिनदुधाचा मुरवलेला चहा यांत उच्चनीच ठरवण्याचा उद्देश त्यात नाही. दोघांना वेगवेगळी पत्ती लागते, एवढेच पुस्तक आग्रहाने सांगते. कंपन्यांची क्रमवारी लावणे आणि आरोग्याचे अवाजवी दावे करणे त्याने टाळले आहे. भाव सतत बदलतात, म्हणून भावांऐवजी भाव समजून घेण्याची रीत दिली आहे. जालन्याच्या मोंढ्यात पोते उघडून पाहणारा, जांब समर्थला महिन्याचा किराणा भरणारा आणि शहरात मळ्याच्या नावाने पत्ती मागवणारा, अशा तिन्ही वाचकांना एकच कसोटी वापरता यावी, हे त्याचे उद्दिष्ट आहे: पत्ती कुठली, कधीची, कोणत्या दाण्याची आणि पेल्यात कशी उतरते.